बोर्डिंगची मागची भिंत

आमच्या हायस्कुलाविषयी बोलायला लागला की महाडकर थांबत नाही. मी तर तिथलाच विद्यार्थी आणि पुढे तिथलाच मास्तर, तेव्हा मला थांबवणं आणखी अवघड. शाळेच्या हॉलमध्ये जुन्या विद्यार्थ्यांच्या तसबिरी होत्या. एक न्यायाधीश, दोन-तीन डॉक्टर, एक आगबोटीवरचा इंजिनियर, आणि चळवळीत तुरुंग पाहून आलेले तर इतके की त्यांना खिळे पुरेनात. पण माझ्या मते शाळेची खरी कमाई त्या काचांमागे नव्हतीच. ती होती शाळेच्या मागच्या अंगाला, नदीकाठच्या बोर्डिंगमध्ये.

पोलादपूरच्या डोंगरातली मुलं तिथे राहत. कुणाच्या घरी थोडी भातशेती, कुणाकडे नुसती गुरं आणि उतारावरची नाचणी. पैशांऐवजी मुलं तांदूळ, नाचणी, कुळीथ घेऊन येत आणि त्यावर आमची चूल चाले. त्यांच्या गावांजवळ हायस्कूल नव्हतं आणि महाडात त्यांना ठेवून घेणारं घर नव्हतं. बोर्डिंग होतं म्हणून ती मॅट्रिकपर्यंत पोचत. वरच्या एका वाडीतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा आमच्याच बोर्डिंगचा. त्याची तसबीर कुणी लावली नाही, याचा मला आजही राग आहे. त्या बोर्डिंगचा कारभार माझ्याकडे होता. कारभार म्हणजे भांडणं सोडवायची, खरजेला गंधक लावायचं आणि भात कच्चा राहिला की मुलांची तोंडं बघायची.

एका वर्षी नदीचं पाणी आत शिरलं आणि बोर्डिंगची मागची भिंत बसली. दगडमातीचीच ती, आणखी किती टिकणार? उरलेलं वर्ष मुलं वर्गांत झोपली. सकाळी घंटेआधी वळकट्या गुंडाळायच्या आणि त्याच बाकांवर बसायचं. पुढच्या जूनच्या आत पक्की भिंत उभी राहिली नाही तर बोर्डिंग बंद करावं लागेल, असं संस्थेच्या मंडळींनी सांगून टाकलं. वर्गांत मुलं झोपवायला आता पालकांचीच हरकत होती, शहरातल्या पालकांची.

हेडमास्तरांनी मुंबईच्या एका धर्मादाय निधीकडे अर्ज केला. अर्धा अर्ज शाळेच्या थोरवीचा, अर्धा गरजांचा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, आणि सर्वांत आधी बोर्डिंग.

मी म्हटलं, "सर, एवढी थोरवी वाचून ते म्हणतील, यांना पैसे कशाला?"

"आणि नुसत्या गरजा लिहिल्या तर म्हणतील, या शाळेत पैसे घालून उपयोग काय?" हेडमास्तर म्हणाले. दोघांचंही खरं होतं, म्हणून अर्ज तसाच गेला.

उत्तर आलं की निधीचे एक विश्वस्त स्वतः येऊन पाहतील. हेडमास्तरांनी मला बजावलं, "पडकी भिंत आहे तशी राहू दे. केरसुणीसुद्धा लावू नका." मी लावली नाही. मुलं मात्र शिमग्याला घरी गेली आणि मुंबईचा मोठा पाहुणा बोर्डिंग बघायला येणार, ही बातमी डोंगरभर करून आली.

पाहुणे आले ते भले गृहस्थ. त्यांना आधी रायगड पाहायचा होता. मग हेडमास्तर आणि मी त्यांना घेऊन नाते गावावरच्या रस्त्याने निघालो, गड चढलो, मुक्काम केला. वाटेत हेडमास्तर शाळेबद्दल इतकं छान बोलले की माझाच ऊर भरून आला. उतरताना पाहुणे म्हणाले, "तुमची भिंत एकदा डोळ्यांनी पाहतो, म्हणजे मला तिकडे बोलता येईल." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. काम झालं होतं.

दुपारी शाळेत परतलो तर फाटकावर आंब्याचे टहाळे बांधलेले आणि ढोल-सनईचा खालूबाजा वाजत होता. बोर्डिंगच्या अंगणात डोंगरातली चाळीसएक माणसं, बायकाही. आमच्याकडे गावकीचा नियम आहे. गावाच्या कामाची हाक आली की घरटी एक माणूस जातो, घरचं काम पडून राहिलं तरी चालेल. त्या हाकेला ही माणसं उतरून आली होती, कारवीच्या काठ्यांच्या मोळ्या डोक्यावर घेऊन. पडलेल्या भिंतीच्या जागी त्यांनी कारवीचा कूड उभा केला होता, त्यावर मातीचा गिलावा, वर शेणाचं सारवण, कडेने गेरूचा पट्टा. बायकांनी दारात रांगोळी काढली होती. इतकं देखणं बोर्डिंग मी कधी पाहिलं नव्हतं.

एका म्हाताऱ्याने पुढे होऊन पाहुण्यांना नारळ दिला आणि मला हळूच म्हणाला, "मास्तर, पाव्हना आपल्या घरला येनार आन त्याला पडकी भिंत दाखवायची? आमची काय इज्जत हाय का नाय?"

पाहुण्यांनी सगळीकडे हिंडून पाहिलं. कुडावरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे, खोटं नाही सांगत. म्हणाले, "हेडमास्तर, जिथे माणसं अशी उभी राहतात तिथे आमच्या पैशाची गरज नाही. जिथे कुणीच नाही, तिथे तो गेला पाहिजे."

हा कूड नदीच्या पाण्यापुढे दोन दिवस टिकणार नाही, हे त्या अंगणात कसं सांगायचं? ती माणसं हात जोडून समोर उभी होती. मोटारीपाशी जाऊन हेडमास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, पण पाहुणे हसून म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं ना!" मोटार गेली. खालूबाजा चालूच होता. माणसांनी मला विचारलं, पाव्हना खूश झाला ना? मी म्हटलं, फार खूश झाला. दुसरं काय म्हणणार होतो?

मेच्या अखेरीस बोर्डिंग बंद झालं. डोंगरात निरोप पाठवले, पण सगळीकडे ते पोचले नाहीत. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तोच म्हातारा नातवाला घेऊन दारात उभा राहिला. डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं. नातू नव्याने आठवीत येणार होता.

मी त्याला सांगितलं, यंदा मुलं ठेवता येत नाहीत. पक्क्या भिंतीचे पैसे मिळाले नाहीत.

त्याने गाठोडं खाली ठेवलं आणि आत जाऊन कुडाकडे नीट पाहिलं. सारवणाला एकदोन ठिकाणी भेगा गेल्या होत्या. त्यांवरून बोट फिरवत तो परत आला.

"पाव्हन्याला काय कमी वाटलं, मास्तर?" त्याने विचारलं. "सांगा ना. सगळा गाव परत येतो, यापरास झ्याक करून देतो."

नातू गाठोड्यापाशी बसून माझ्या उत्तराची वाट पाहत होता.