तिसावी गाठ

भागाबाईच्या हातात कुठलाही सरकारी कागद दिला की ती तो देणाऱ्यालाच परत करायची. "वाच ना दादा. काय लिवलंय ते ऐकू दे." एकदा ऐकलं की जावक क्रमांकासकट सगळं तिला पाठ. अक्षरओळख नव्हती, पण वाचणाऱ्यावर भरवसाही नव्हता. तोच कागद दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वाचून घ्यायची आणि एखादा शब्द गाळला की बरोबर पकडायची. आमच्या शाखेतले दोन वाक्‌पटू कारकून तिला पाहिलं की चहाला निघायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिक रोडच्या एका सरकारी कार्यालयात आवक शाखेत होतो. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचं रेशन दुकान भागाबाईच्या नावावर होतं. त्याचा परवाना रद्द झाल्याचा आदेश घेऊन ती आली, चपला दाराबाहेर काढून. मी वाचून दाखवला. कारण होतं, साठ्यात तूट.

"तूट नाय दादा," ती म्हणाली. "भात कापून झालं का माणसं द्राक्षाच्या मळ्यांवर जातात. कार्ड हितलं, तिकडं त्यांना धान्य कोण दील? म्हून मी पुढल्या महिन्याचं आधीच देते. पोरं काय नियम खातील?"

नियमात ते बसत नव्हतं, पण अपिलात ऐकून घेण्यासारखं होतं. अर्ज मीच लिहून दिला. मुदत तीस दिवसांची होती. तेवढ्या दिवसांत मळ्यामळ्यावर फिरून सगळ्या घरांचे अंगठे आणते म्हणाली. कमरेची सुतळी काढून तिनं मला दाखवली. आदेश मिळाल्यापासून रोज संध्याकाळी एक गाठ.

ती आली तिसाव्या दिवशी, सव्वाचारला. वाटेत जीप बंद पडली होती. आमच्याकडे चार वाजले की आवक नोंदवहीत लाल रेघ मारायची आणि शिक्क्याची तारीख उद्यावर फिरवून ठेवायची रीत होती. रेघेखाली नोंद घ्यायची तर वरच्या मजल्यावर जाऊन साहेबांची सही आणावी लागे. मी जिना चढलो नाही. एका दिवसानं काय बिघडतंय, असं स्वतःला सांगितलं आणि उद्याच्या तारखेचा शिक्का मारून पोच तिच्या हातात दिली.

ती वाचायला सांगेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"वाचायचं नाही?" मी विचारलं.

"तुझा कागुद कशाला वाचायचा?"

सुनावणीत पहिलाच मुद्दा निघाला, अपील एक दिवस उशिरा. भागाबाईनं टेबलावर सुतळी ठेवली आणि अर्ज दिला त्या दिवसापर्यंतच्या गाठी मोजून दाखवल्या. तीस. साहेबांनी मला नोंदवही घेऊन वर बोलावलं. त्या दिवशी मात्र मी तो जिना धावत चढलो.

"शिक्का बरोबर आहे?"

"हो साहेब."

माझी नोकरी जाणार नव्हती. फार तर एक ताकीद मिळाली असती. तेवढ्यासाठी मी खोटं बोललो, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

"दादा म्हणतो म्हंजे खरं आसल," ती साहेबांना म्हणाली. "एखाद्या सांजला गाठ मारायची राहिली आसल माझी."

अपील फेटाळलं गेलं. बाहेर मी तिला म्हणालो, अजून वर दाद मागता येईल, मी लिहून देतो. तिनं पायात चपला सरकवल्या. "मोजणी माझी चुकली. कोणत्या तोंडानं भांडू?" दुकान दुसऱ्याकडे गेलं आणि पुढल्या हंगामात पाड्यावरची माणसं रिकाम्या हातानं मळ्यांवर गेली.

निवृत्तीनंतर, ती गेल्याचं कळलं तेव्हा सुरगाण्याला गेलो. इतक्या वर्षांनी जायची लाजच वाटत होती. कार्यालयाचं नाव सांगताच सुनेनं मला ओळखलं. "तुमीच ना ते अर्ज लिवणारे दादा? आत्या लय नाव काढायची तुमचं." मग तिनं कोनाड्यातून ती सुतळी काढून आणली.

"शेवटाला पण हीच हातात. कोणत्या दिशी गाठ राहिली ग, म्हनून मला विचारायची. मला काय ठावं?" तिनं सुतळी माझ्या हातात दिली. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा, कुठं चुकली ती?"

मी पाणी मागितलं.