जागीमावशीची झोप

जागीमावशीला पाऊस नाकाने कळायचा. डिसेंबरात आभाळ कोरडं ठाक असायचं, सगळी गल्ली पांघरुणात गुरफटलेली असायची, आणि ही बाई ओट्यावर बसून दोनदा नाक ओढायची. मग कोपऱ्यातली काठी उचलून घराघराच्या पत्र्यांवर बडवत निघायची. "उठा गो, आला! वलांडी खाली करा!" वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. तीन-चार दिवस ऊन-वारा लागला की माल तयार. मध्येच पावसाचे चार थेंब पडले तर मात्र किडे होतात आणि सगळं खतात जातं. चिखल्याची आमची गल्ली मावशीच्या नाकावर जगत होती, म्हटलं तरी चालेल. तिचं खरं नाव मी मतदारयादीचं काम करताना वाचलं होतं. तोंडाने कोणी घेतलेलं कधी ऐकलं नाही.

मी २०१० साली चिखल्याच्या शाळेवर बदलून आले. मी घाटावरची. सुक्या मासळीचा वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. हिरावहिनींच्या मागची खोली भाड्याने मिळाली आणि तिचं दार नेमकं मावशीच्या दारासमोर. मी कधीही बाहेर डोकावले तरी मावशी ओट्यावर बसलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक बेबी तलासरीला दिलेली. घरात भांडी चार आणि बोलायला कोणी नाही.

तिच्या जागेपणाचं गल्लीला भारी कौतुक. महालक्ष्मीच्या जत्रेहून परतताना बायका म्हणायच्या, देवी जागृत तशी आमची मावशी जागृत. मावशी हसायची तेव्हा पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची. "देवीला नैवेद्य तरी देता. मना काय देता?" असं विचारायची. मग कोणीतरी चहा आणून द्यायचं. मीही त्या कौतुकात सामील होते. शहाणीसुरती, शिकलेली मास्तरीण, पण माणूस का झोपत नाही हा प्रश्न मलाही पडला नाही.

मला तो आधी पडायला हवा होता, कारण मी स्वतः गोळ्या खात होते. मन उभं राहावं म्हणून घ्यायच्या त्या गोळ्या. बदलीच्या आधीच्या वर्षी मला सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकता येत नव्हता. गोळीने तो टाकता आला, हे तिचे उपकार. बाकीचंही सांगते. तोंडाला कोरड इतकी की घोलवडचा चिकू खाल्ला तर टाळूला चिकटून बसायचा. ब्लाउज उसवून उसवून आतली शिवण संपली. आणि रडू थांबलं. वडील गेले तेव्हा घरच्या सगळ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी कोरड्या डोळ्यांनी चहा गाळत होते. आत्या म्हणाली, "नोकरीवाल्या पोरी अशाच असतात." मी पुढचा कप भरला. शाळेत कळलं तर 'वेडी बाई' म्हणतील, म्हणून गोळ्यांची पाकिटं उडदाच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवत होते.

एका संध्याकाळी मावशी सुकटीची चटणी घेऊन आली. दार वाजवायची तिला सवय नव्हती. माझा हात डाळीत कोपरापर्यंत.

"कसली गोली गो?"

"पित्ताची."

"पित्ताची गोली डालीत नाय पुरत कोन."

मग मी सांगितलं. गावात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. ती उंबऱ्यात बसली, चटणीची वाटी मांडीवर तशीच. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मना पन तसाच हाय. तुझी गोली हाय, माझी काठी हाय, एवडाच फरक." जेवण गोड लागत नाही. नात झाली, मांडीवर दिली, तरी आत काही हललं नाही. "लोका बोलतात मावशी राखन करते. मी कसली राखन करते? झोप येत नाय म्हणून बसते. बसून बसून वारा कलायला लागला." कधीपासून, म्हटलं. तर म्हणाली, आठवत नाही.

डहाणूला मंगळवारी मनाचे डॉक्टर येत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? कोणी गेलं, भांडण झालं, काही धक्का? मावशी म्हणाली, "कायच झाला नाय. झाला असता तर रडून मोकली झाले असते." डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि दोनदा बजावलं : दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही, आणि दिसला तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. मी ते तिला रिक्षात पुन्हा समजावून सांगितलं. "मी काय शालेतली हाय?" म्हणाली, पण ऐकलं.

गणपती गेले आणि एका सकाळी तिचं दार उघडलंच नाही. मी धावत गेले. खिडकीतून पाहिलं तर मावशी चटईवर कुशीवर झोपलेली, हात गालाखाली, तोंड उघडं. मी शाळेतून परत आले तरी झोपलेलीच. पाच वर्षांत मी तिला अशी गाढ झोपलेली पहिल्यांदा पाहत होते. चार वाजता डोळे चोळत ओट्यावर आली आणि मला म्हणाली, "बाय, लोका हे रोज करतात?"

पुढचे दोन-अडीच महिने तिचे चांगले गेले, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. तोंडाला कोरड पडायची म्हणून चिंचेचं बोटुक गालात धरून बसायची. हात थरथरायला लागले. जबड्यात जबडा अडकवताना जोड्या सुटायच्या, तेव्हा म्हणायची, "बघ, मेल्यावर नाचतात मेले." पण गाल भरले. तलासरीला जाऊन लेकीकडे चक्क चार दिवस राहिली. परत आल्यावर नात कशी दुडूदुडू चालते हे मला तिने स्वतः चालून दाखवलं. नातीबद्दल ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

आणि डिसेंबरात तो पाऊस आला. मी जागी झाले ती पत्र्यावरच्या आवाजाने. मला वाटलं काठी, म्हणून उठून बसले, तर तो पाऊसच होता. सगळी गल्ली धावली, पण फार उशिरा. बोंबील ओले गच्च होऊन दोरीवरून लोंबत होते, निम्मे वाळूत पडलेले. इतकी घरं, इतकी माणसं, आणि एकानेही त्या रात्री आपला कान उघडा ठेवलेला नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. मावशी उजाडल्यावर बाहेर आली. केस मोकळे, तोंड झोपेने सुजलेलं. वलांडीकडे बघून वाळूतच बसली.  हिरावहिनींनी एक ओला बोंबील उचलला, उलटासुलटा केला आणि पुन्हा खाली ठेवला.

चौथ्या दिवशी पाच-सहा बायका तिच्या घरी आल्या, हिरावहिनी पुढे. भांडायला नव्हत्या आल्या, चहाची किटली घेऊन आल्या होत्या. मीही समोरून जाऊन बसले. हिरावहिनी अगदी मायेने बोलल्या. "मावशे, तुला झोप लागते त्याचा आमाला आनंदच हाय. पन हंगामापुरती गोली बंद ठेव. जूनला मासेमारीची बंदी लागली, होड्या वर आल्या, की झोप ना खुशाल चार महिने. कोन उठवते तुला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

मी त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला आज तोंडपाठ आहे. पाळी लावा, म्हणायला हवं होतं. रोज एका घराने जागायचं. एवढं साधं. पण गोळ्यांच्या बाजूने बोलले असते तर मला कसं माहीत, हे कोणीतरी विचारलं असतं. शिवाय मी राहत होते हिरावहिनींच्याच खोलीत. मी खाली मान घालून पुटपुटले, "डॉक्टरांना एकदा विचारलं तर बरं." ते कोणाच्या कानातही गेलं नाही. मावशी म्हणाली, "लोकांचा माल हाय. बंद करते."

उरलेल्या गोळ्या तिने पाकिटातून सोडवल्या आणि मिठाच्या बरणीत पुरल्या. मिठात घातलेलं नासत नाही, ही तिची जन्माची खात्री. मला अभिमानाने दाखवलंही. "तू डालीत ठेवतेस, डालीला किडा लागते. मिठाला लागत नाय." मी त्यावरही हसले फक्त.

गोळी एकदम तोडल्यावर आठवडाभर तिला गरगरत होतं. मान वळवली की झटका बसायचा. "डोक्यात जिता बोंबील फडफडते गो," म्हणायची. मग तेही थांबलं आणि मावशी पूर्वीसारखी ओट्यावर बसायला लागली. गल्ली निर्धास्त झोपली. जूनमध्ये तिने बरणीतल्या गोळ्या काढून घेतल्या. पाणी सुटून त्यांचा लगदा झालेला, तो चमच्याने खाल्ला. अर्थातच काही झालं नाही. मी पुन्हा डहाणूला नेलं. डॉक्टर चिडले, नवी गोळी दिली. चार महिने थोडीफार झोप लागली, ऑक्टोबरात तिने आपणहून बंद केली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दर वेळी चटईवरची झोप कमी आणि डोक्यातली फडफड जास्त. तिच्या चिखल्यातल्या शेवटच्या पावसाळ्यात गोळी लागूच पडली नाही. "ही पन दमली," मावशी म्हणाली.

त्यानंतर तिचं नाकही बिघडलं. लख्ख आभाळ असताना ती काठी बडवायची. लोक धावत यायचे, चांदण्या बघून परत जायचे. तीनदा असं झालं आणि मग काठी वाजली तरी कोणी उठेना. तोवर हिरावहिनींच्या मुलाच्या मोबाइलवर पावसाचा मेसेज यायला लागला होता. गल्लीने आपापसात ठरवलं, आता मोबाइलवरच बघायचं. एके दिवशी हिरावहिनी मावशीला म्हणाल्या, "आता तू झोप गो मावशे, आमचा आमी बघतो." मावशीने काठी कोपऱ्यात टेकवली. मला त्या बाईचा इतका राग आला की त्या महिन्याचं भाडं मी त्यांच्या हातात न देता पोराकडे पाठवलं. माझी मर्दुमकी तेवढीच. मी गप्प बसले होते त्याचा राग कोणाकडे पाठवायचा ते कळलं नाही.

मावशीने जेवण टाकलं तेव्हा बेबी येऊन तिला तलासरीला घेऊन गेली. जाताना काठी मागे राहिली.

२०१९ च्या मे महिन्यात मी एसटीने तलासरीला गेले. हायवेच्या मागे बेबीचं घर, समुद्राचा वारा नाही की वास नाही. बेबीने दारातच सांगितलं, "डॉक्टर बदलून झाले बाई, गोळ्या बदलून झाल्या. झोपतच नाही. आणि चांगलं ऊन असतं तेव्हा ही सगळ्या आळीचे कपडे दोरीवरून ओढून घरात आणते. शेजारणी भांडतात माझ्याशी." हे सांगताना तिला हसू आलं आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला.

मावशी मागच्या पडवीत खाटेवर बसली होती. अर्धी झालेली, हात मांडीवर थरथरत होते. शेजारी ओल्या कपड्यांचा ढीग. मला ओळखलं नाही असं वाटलं. मग तिने नाक ओढलं.

"मास्तरीणबाय."

"हो मावशी."

"गोली घेतेस?"

"घेते."

"डालीत ठेवतेस?"

"नाही. आता वर फळीवर ठेवते. सगळ्यांना दिसते."

"झोप लागते?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण तिच्याशी पित्ताचं खोटं सुद्धा टिकलं नव्हतं. "लागते," म्हटलं.

मावशीने माझा हात धरून थोपटला. दातांमधली फट दिसली. "मग झोप तू," ती म्हणाली. "मी हाय जागी."

शेवटच्या एसटीपर्यंत मी तिच्याजवळ बसले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण डोळे कोरडेच. पावसाळा अर्धा सरला तेव्हा बेबीचा फोन आला. मावशी पडवीतल्या त्याच खाटेवर गेली होती, बसल्या बसल्या, डोळे उघडे. मी फोन ठेवला, फळीवरची गोळी घेतली, आणि अर्ध्या तासात मला झोप लागली.