हत्तीचा उतार

माझ्या पोटात नेमकं कधी दुखायला लागलं ते मला पक्कं आठवतं. परभणीतल्या एका जुन्या कमानीखाली, रविवारी सकाळी, माझ्या बायकोनं पदर सावरत एका परक्या माणसाला विचारलं, "मग पुढं काय झालं, सर?"

पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं मला एकदाही विचारला नव्हता. आणि मी कोण, तर इतिहासाचा मास्तर! गंगाखेडच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं घसा फोडला. घरी जेवताना निजामाच्या काळातलं काही रंगवून सांगायला लागलो की ही मधेच म्हणायची, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हो? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

आम्ही महिनाभरासाठी परभणीला लेकीकडं राहायला आलो होतो. तिथले एक प्राध्यापक दर रविवारी लोकांना जुन्या गावातून पायी फिरवून इतिहास सांगतात, हे लेकीनं कुठून तरी शोधून काढलं आणि आम्हाला न विचारताच दोघांची नावं दिली. मी म्हटलं, तो मला काय सांगणार? पण बायको तयार होऊन बसली, म्हणून गेलो.

माणूस चाळिशीचा. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज इतका हळू की लोकांना जवळ सरकावं लागायचं. बत्तीस वर्षं ज्याला अख्खं गाव सर म्हणालं त्या मला त्यानं पहिल्याच वाक्यात 'काका' करून टाकलं. बायको 'मावशी' झाली, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट लय आवडलं.

त्याची एक खोड मला तेव्हाच खटकली. तो सांगता सांगता थांबायचा आणि विचारायचा. या गल्लीला हे नाव का पडलं असेल, म्हणून त्यानं एका बांगडीवाल्या म्हाताऱ्यालाच विचारलं, आणि तो म्हातारा बोलत असताना हा मान हलवत उभा. याला स्वतःला येत नाही, म्हणून हा जगाला विचारत फिरतो, असं मी घरी लेकीला सांगितलं. माझ्या वर्गात प्रश्न मी विचारायचो, पण उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. मास्तर असाच असतो, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या रविवारी बायको माझ्याआधी उठली. डोक्याला तेल, ठेवणीतली साडी आणि तिच्याखाली लेकीचे पळायचे बूट! माझ्या कुठल्याच भाषणाला ही बाई वेळेवर आली नव्हती. त्या दिवशी मी आठवडाभर वाचून गेलो होतो. एका देवडीपुढं तो बोलत होता, तेव्हा मी दोनदा मधे तोंड घालून सनावळ्या ऐकवल्या. लोक 'हो का' म्हणाले. बायको माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, त्यांना बोलू द्या ना जरा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचं ज्ञान नको होतं. मला एकच हवं होतं. तिनं एकदा, चारचौघांत, माझ्याकडं तसं बघावं.

तशी संधी तिसऱ्या रविवारी आली. गावाच्या कडेला एक जुनी दगडी विहीर आहे. तिच्या एका अंगाला उंच कट्टा, आणि कट्ट्यापासून मागं लांबवर उतरत गेलेली बांधीव वाट. प्राध्यापक म्हणाले, ही वाट हत्तींसाठी होती असं लोक सांगतात, मीही सांगायचो. पण आता मला शंका यायलीय. कुणाला माहीत आहे का?

मी पुढं झालो. अशीच एक विहीर गंगाखेडच्या बाजूला आहे, तिथं मी दरवर्षी शाळेची सहल न्यायचो. तिथं सांगायचो तेच सगळं इथं सांगितलं. सुभेदाराचे हत्ती संध्याकाळी या उतारावरून झुलत वर यायचे, कट्ट्यावर उभे राहून पाणी प्यायचे, माहूत त्यांना आंघोळ घालायचे. रंगात आलो होतो. लोक माना डोलवत होते, एकानं मोबाइलवर माझं बोलणं टिपलंही. मी चोरून बायकोकडं बघितलं. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती कट्ट्याच्या काठाशी वाकून दगडातल्या एका खाचेत बोट फिरवत होती.

प्राध्यापकांनीही ते बघितलं. "मावशी, काय बघायलात?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हत्ती न्हाई हो सर. ही धाव हाय. मोटंची."

आणि मग ती बोलायला लागली. ती पेडगावची, शेतकऱ्याची लेक. तिच्या वडिलांच्या विहिरीला अशीच धाव होती. बैल या उतारावरून खाली जायचे, की नाड्याला, म्हणजे त्या जाड दोराला, बांधलेली कातड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. मग बैल पाठमोरे, मागं सरत सरत पुन्हा वर. ही खाच दोर घासून पडलेली. शिवाय हत्तीची सोंड एवढ्या खोल पाण्याला पुरंल कशी, असंही तिनं जाता जाता विचारलं. लोक हसले. प्राध्यापकांनी वही काढून लिहून घेतलं, आणखी चार प्रश्न विचारले, तिनं चारही उत्तरं दिली.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्याकडं तर बैलही नव्हता, नुसता हत्ती होता. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांचं. मोट मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली, आणि चित्रात धाव काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. मग राहवलं नाही. शाळेच्या सहलीला ही दरवर्षी पुऱ्यांचा डबा घेऊन यायची. मी पोरांना हत्ती सांगायचो तेव्हा त्याच विहिरीपाशी उभी असायची. मी विचारलं, तेव्हा तुला हे माहीत होतं?

होतं की, म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस? त्याला बरं सांगितलंस."

"त्यांनी इचारलं," ती म्हणाली. "तुमी कधी इचारलंच न्हाई."

रागानं नाही, टोमणाही नाही. बाहेर दुकानं उघडत होती, तिकडं बघत म्हणाली.  माझ्या डोक्यात मात्र तो माणूसच होता, त्याची वही, त्याचे ते चार प्रश्न. स्टेशनाच्या वळणापर्यंत मी पाचवा शोधत होतो.

शेवटी पुस्तकातलं ते चित्र आठवलं, त्यात मोट हाकणारा ताणलेल्या दोरावर बसलेला असायचा. विचारलं, लहानपणी कधी त्या नाड्यावर बसलीस का गं?

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मग साडीचा काठ बाजूला करून कोपर पुढं केलं. तिथं एक जुना डाग आहे. पस्तीस वर्षं मी तो चुलीचा समजत होतो. वडिलांची नजर चुकवून ती नाड्यावर बसली होती, बैल बुजला, ही दगडावर आपटली, आणि आईचा मार नको म्हणून तीन दिवस लांब बाह्यांचं पोलकं घालून हिंडली. ते पोलकं कसलं होतं, बैल कोणत्या रंगाचा होता, सगळं तिच्या तोंडून ऐकत ऐकत मी तिच्यासोबत लेकीचा जिना चढलो.

हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.