वॉरियरचं मराठी

माझे बाबा शिपाई होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांना अंधेरीतल्या एका ऑफिसात काम मिळालं. साहेबांना चहा द्यायचा, फायली इकडून तिकडे पोचवायच्या. पाचवीत इंग्रजीच्या निबंधात मी डिक्शनरीत बघून लिहिलं, माय फादर इज अ सोल्जर. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि सांगितलं, बाबांना युनिफॉर्ममध्ये शाळेत घेऊन ये. बाबा आले, ऑफिसच्या खाकी कपड्यांत, हातात डब्याची पिशवी. बाईंना हसू आवरेना. लढणाऱ्याला आणि चहा देणाऱ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मी शब्दांवरच पोट भरायला लागले. इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, घरी बसून, फ्रीलान्स. हासुद्धा लढाईतलाच शब्द, लान्स म्हणजे भाला. ज्याचा भाला कुठल्याच राजाशी बांधलेला नाही, जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा, तो फ्रीलान्स. भाल्याच्या जागी लॅपटॉप आहे, बाकी सगळं जुळतं.

पण सांगायचंय ते माझ्या ताईबद्दल.

ताई नर्स. घाटकोपरच्या एका खासगी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीमध्ये, म्हणजे अपघात विभागात, कंत्राटावर होती. ताई, आई आणि मी मुलुंडला पाचव्या मजल्यावर राहतो. कोरोना आला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. ‘‘ताईंना जरा सांगाल का, लिफ्ट नको वापरू म्हणावं. बिल्डिंगमध्ये सीनियर सिटिझन्स आहेत. पर्सनली घेऊ नका हां.’’ त्याच सुमारास सगळ्यांनी बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींच्या घरची थाळी सगळ्यात मोठ्याने वाजत होती.

ताई जिन्याने यायला लागली. तिची चाहूल लागली की प्रत्येक मजल्यावरचे उघडे दरवाजे लागायचे. मी चिडले की म्हणायची, ‘‘राहू दे गं, व्यायाम होतो.’’

दुसऱ्या लाटेत तीच आजारी पडली. स्वतःच्या हॉस्पिटलात तिला बेड मिळायला दोन दिवस लागले. वाचली, पण फुप्फुसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत होते. कंत्राटातल्या माणसाला विश्रांती कोण देतं? ती ड्युटीवर गेली. लिफ्टचा नियम तोवर आपोआप बारगळला होता, पण तो मागे घेतला असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं. म्हणून ही हट्टाने जिनाच चढायची, मजल्यामजल्याला कठड्याला टेकत.

आणि मग सोसायटीने तिचा सत्कार ठरवला, सव्वीस जानेवारीला. मानपत्राचा इंग्रजी मजकूर सेक्रेटरींनी मला व्हॉट्सॲपवर पाठवला, मराठी करून द्या म्हणून. त्यात होतं, फ्रंटलाइन वॉरियर. मी विचारलं, ‘‘परिचारिका लिहू?’’

‘‘छे छे, योद्धा लिहा. वजन पाहिजे ना शब्दाला!’’

मी योद्धा लिहिलं. त्याआधी सवयीने वॉरचं मूळ शोधलं. फार जुन्या जर्मानिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ होता गोंधळ. मला ताईने सांगितलेलं आठवलं. किट संपली म्हणून रेनकोट घालून काम केलेलं, एकाच सिलिंडरला दोन घरच्या माणसांनी दोन बाजूंनी धरलेलं, कुणाचा मृतदेह कुणाला दिला यावरून गेटवर झालेली मारामारी. युद्ध म्हणायला समोर शत्रूची फौज लागते. गोंधळ मात्र भरपूर होता.

सत्काराला आई खाली यायला तयार होईना. लेकीची बाजू घेताना ती तिच्या मालवणीवर आली. ‘‘आता शाल घालतत. तेव्हा माझ्या चेडवाक जिन्यान चढवल्यानी, ता इसारले?’’

झेंडावंदनानंतर ताईला शाल दिली, नारळ दिला. सेक्रेटरी म्हणाले, दोन शब्द बोला. ताईने माइक हातात घेतला. ‘‘थँक यू. आता मी लिफ्ट वापरली तर चालेल ना?’’

सगळे खळखळून हसले. टाळ्याही वाजल्या. ती विनोद करत नव्हती, हे एकाही माणसाला कळलं नाही.

मार्चअखेरीला हॉस्पिटलने तिला सांगितलं, कॅज्युअल स्टाफ कमी करतोय, तुमचं कंत्राट पुढे नाही. ताई घरी येऊन भाजी निवडत बसली. मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी नको ते बोलले. म्हटलं, ‘‘ताई, कॅज्युअल आणि कॅज्युअल्टी एकाच धातूतून आलेत. त्याचा अर्थ पडणं. नशिबाने जे अंगावर येऊन पडतं ते. मग लढाईत पडलेल्या सैनिकांना कॅज्युअल्टी म्हणायला लागले.’’

‘‘मला काढलंय गं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तुला शब्दाचं पडलंय.’’

काढून टाकलेल्या नर्सेसनी हॉस्पिटलच्या गेटवर निषेधाला उभं राहायचं ठरवलं. घोषणा मी लिहून दिल्या. ज्याला इंग्रजीत स्लोगन म्हणतात ती मुळात स्कॉटलंडच्या टोळ्यांची रणगर्जना. फौजेची आरोळी, असाच त्याचा अर्थ. पण आमच्या फौजेत बोटावर मोजण्याइतक्या बायका होत्या आणि सगळ्यांना आयुष्यभर हळू बोलायची सवय. पेशंट झोपलाय, आवाज नको. पहिली घोषणा रस्त्यापलीकडेही पोचली नाही. दुसरीला ताईने जोर लावला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती फुटपाथवर बसली ती उठेचना. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

गेटवर हॉस्पिटलचा बॅनर होता, ‘आमचे योद्धे’. त्यात मास्क लावलेली ताई होती, नुसते डोळे, पण तीच. हॉस्पिटलचा एक माणूस बाहेर आला. शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, बॅनरसमोर नको. फोटोत बॅनर येतो. तिकडे झाडाखाली बसा.’’ आणि त्या सगळ्याजणी झाडाखाली जाऊन बसल्या. माझी ताईसुद्धा. मला त्या माणसापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

केस टाकली आहे. तारखा पडतात. ताई आता बोरिवलीत एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे जाते, एजन्सीतर्फे. दमते, पण खाडा करत नाही.

मध्यंतरी तिला एका मुलीचा फोन आला. तिच्या जागी घेतलेली नवी नर्स, तीही कंत्राटावरच. म्हाताऱ्या पेशंटची शीर सापडत नाही, काय करू, विचारत होती. ताईने तिला सगळं समजावलं. हात कोमट पाण्यात कसा धरायचा, बोटाने शीर कशी चाचपायची, सुई किती तिरकी ठेवायची. मध्ये दोनदा दम लागला म्हणून थांबली, पण फोन ठेवला नाही.

मी म्हटलं, ‘‘तुला काढून तिला घेतलं आणि तू तिलाच शिकवतेस?’’

‘‘मग काय करू? त्या म्हाताऱ्याचा हात सुजेल ना गं.’’

मला तिला मिठी मारावीशी वाटली नाही. एक सणसणीत थोबाडीत मारावीशी वाटली. मी उठले आणि तिला प्यायला पाणी गरम करायला ठेवलं.