वीसच्या पुढे न गेलेला आकडा

"आधी चित्र लहान करा, मग बोलू."

कॉम्प्युटर हळू चालतो अशी तक्रार आली की तो एवढंच म्हणायचा. पिशवी खाली ठेवायचा, चपला दाराबाहेर सरळ जोडून ठेवायचा आणि पडद्यावरचं चित्र बारीक करून बघायचा. स्क्रूला हात त्यानंतर, तोही गरज असेल तरच.

त्याचं नाव लिहीत नाही. अंबाजोगाईत ते पुरेसं फिरवून झालं आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

आमचा कॉम्प्युटर क्लास होता. जागा दिराची, कारभार माझा. सकाळी कोर्स, दुपारनंतर गेम. मेडिकल कॉलेजची मुलं मोटारींची शर्यत खेळायला यायची. तो सिरसाळ्याहून एसटीनं यायचा आणि आमची, शिवाय दोन शाळांतली आणि एका दवाखान्यातली यंत्रं सांभाळायचा. काय आहे, काय आणायचं, कोण कधी येणार, सगळ्याच्या याद्या मी करायचे. त्याची त्याला गंमत वाटायची.

"ताई, तुमच्या यादीत मी हाय का?"

मी दाखवायचे: दुरुस्ती, सोमवार आणि गुरुवार.

"मंग ठीक. मला वाटलं, सामानात लिवलंय."

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शर्यतीचा नवा गेम आला आणि आमच्या यंत्रांवर अडखळायला लागला. मी यादी केली: चार ग्राफिक्स कार्डं. प्रोसेसर बदलायचे तर बोर्डही बदलावे लागणार होते, खर्च वाढणार होता, म्हणून ते मी खोडून टाकले. ती यादी बघून त्यानं मला खुर्चीवर बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता.

"एका सेकंदात किती चित्रं निघतात, त्याचा हा आकडा. मोठ्या चित्राला वीस. आता लहान करतो. बघा, वीसच. कार्ड कमी पडत असतं तर लहान चित्राला आकडा वाढला असता."

"म्हणजे नवं कार्ड आणलं तर?"

"वीसच. प्रोसेसर जुना हाय, ताई. गाडी कुठं वळली, कुठं धडकली, हे तो ठरवतो. कार्ड नुसतं रंगवतंय. ठरवणाराच दमलाय, तर रंगवणारा बसून राहणार."

मला पटलं. यादी मात्र मी बदलली नाही. कार्डं आणायला दीर हैदराबादचं तिकीट काढून बसला होता, आणि यादी माझ्या अक्षरात होती.

कार्डं आली त्या दिवशी चारही खोक्यांवर छापलेले कार्डांचे नंबर मी वहीत उतरवले. ते माझं नेहमीचंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधी त्यानं एकट्यानं ती बसवली. दुपारी मुलं जमली, दिरानं स्वतः गेम सुरू केला. कोपऱ्यात वीस.

"जुन्यावर वीस, नव्यावरबी वीस. मंग हे नवं हाय कशावरून?"

"मी तेच सांगत होतो, शेठ. वीसच येणार."

"तुला आधीच कसं माहीत होतं बे?"

त्यानं चित्र लहान केलं. वीस. त्याला वाटत होतं, आता सगळ्यांना दिसेल. सगळ्यांना दिसलंही, पण एवढंच की या माणसाला उत्तर आधीपासून ठाऊक होतं. मागून एकजण म्हणाला, "कार्डं सिरसाळ्याला गेली वाटतं." मुलं हसली.

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी सांगा की. तुमच्यासमोर मोजलं होतं."

"मला त्यातलं काय कळतंय," मी म्हणाले.

तो चपला घालून गेला. यंत्रांची झाकणं उघडीच राहिली होती. सगळे पांगल्यावर मी वही घेऊन बसले आणि बसवलेल्या कार्डांवरचे नंबर खाली लिहून ताडून पाहिले. चारही जुळले. मी झाकणं लावली आणि वही कपाटात ठेवली. खरं सांगितलं असतं तर यादी चुकली हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी? हो, एवढ्याशासाठी.

महिन्याभरात दोन्ही शाळांनी त्याला बोलावणं बंद केलं. दवाखान्यानंही. कुणी विचारलं की दीर म्हणायचा, "हाताचा लई सफाईदार हाय." लोक हसायचे.

दिवाळीनंतर लातूरहून आलेल्या माणसानं आमचे प्रोसेसर आणि बोर्ड बदलले. कार्डं तीच, चारही. आकडा साठच्या वर गेला.

"आता कसं पळतंय," दीर म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पडद्याकडे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी सिरसाळ्याला जायला निघाले. तो अंबाजोगाईच्या स्टँडवरच भेटला. बायको होती, एक पत्र्याची पेटी होती. पुण्याला चालला होता, कुठल्याशा गोदामात माल उतरवायच्या कामावर. मी वही उघडून पुढे धरली. वर खोक्यांवरचे नंबर, खाली कार्डांवरचे. त्यानं चारही ओळींखालून बोट फिरवलं.

"जुळतात. मला माहीत होतं ते. तुमी कधी जुळवले, ताई?"

"त्याच दिवशी."

त्यानं वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. मग बायकोला म्हणाला, "ऊठ, तिकडं सावली हाय."

पुण्याच्या गाडीला अजून अर्धा तास होता. दोघं पेटी उचलून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिकडे ऊनच होतं.