आदेशार्थ प्रस्तुत

आमचे हे, अंबादास, पस्तीस वर्षं केंद्र सरकारात फायली हाकून निवृत्त झाले. दिल्लीत, आमच्या मयूर विहारातली बाकीची मंडळी निवृत्तीनंतर बागेत फिरतात, नातवंडं सांभाळतात. ह्यांनी पीएचडीला नाव घातलं! विषय काय, तर सोशल डेमोक्रसीच्या विचाराची तात्त्विक मुळं. मी म्हटलं, "अहो, आधी कुंडीतल्या कढीपत्त्याची मुळं बघा, कुजलीत." पण ऐकतील तर शपथ.

पाच वर्षं डबा घेऊन मेट्रोने लायब्ररीत. जेवताना मला समजावायचे. गरिबाला आजारपणात आधार मिळावा, म्हातारपणी पेन्शन मिळावी आणि तरी कुणाचं बोलणं बंद होऊ नये, हा विचार आला कुठून? काही म्हणतात कामगारांच्या लढ्यातून, तर काही म्हणतात प्रत्येक माणसाची किंमत सारखी, या जुन्या नीतिविचारातून. मी वरण वाढत "अच्छा, अच्छा" म्हणायची.

फेब्रुवारीत शेवटचं प्रकरण परत आलं. ह्यांच्या गाइड रुचिता मॅडम, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी शेवटच्या ओळीला लाल गोल केला होता. ह्यांनी हिंदीत लिहिलं होतं, 'दोनों मत ऊपर दिए गए हैं. आदेशार्थ प्रस्तुत.'

म्हणजे दोन्ही बाजू मांडल्या, आता निर्णय साहेबांनी द्यावा. मी हसून हसून बेजार. अहो, प्रबंध आहे की ऑफिसची नोट! पण ह्यांचा चेहरा उतरलेला. मॅडमनी बजावलं होतं, निष्कर्ष तुमचा स्वतःचा हवा, नाहीतर मी सही करणार नाही. मुदतवाढ संपायला पंधरा दिवस उरले होते. पाच वर्षं पाण्यात जाणार होती.

आठवडाभर कागद कोरा. शेवटी माझं डोकं फिरलं. "इतकं वाचलंत ना? मग तुम्हाला काय वाटतं ते लिहा की!"

"कसं लिहू, विजया?" हे हळूच म्हणाले. "एकदा लिहिलं होतं. आर. के. पुरमच्या ऑफिसात होतो तेव्हा. रोजंदारीवरच्या एका माळ्याला टीबी झाला, म्हणून त्याला काढत होते. मी नोटवर लिहिलं, हे अन्यायाचं आहे. साहेबांनी बोलावून विचारलं, तुमचं मत कुणी मागितलं? कागद बदलून आणा. आपली पोर तेव्हा तीन महिन्यांची होती. मी बदलून दिला."

मला हे कधीच सांगितलं नव्हतं. राग आला, आणि रडूही आलं. मी म्हटलं, "आता मी मागतेय तुमचं मत. लिहा."

त्यांनी लिहिलं. मला मराठीत करून वाचून दाखवलं, 'माझ्या मते या विचाराचं मूळ स्वातंत्र्यात आहे. पोटाच्या भीतीने ज्याला मान डोलवावी लागते, तो मोकळा नाही. त्याची भीती आधी घालवली पाहिजे.' ही ओळ कुठल्या ग्रंथातून घेतली, असं मी विचारलं नाही.

मॅडमची सही झाली. मग मार्चमध्ये विभागात सगळ्या प्राध्यापकांपुढे तोंडी मांडणी. मी घरी देव पाण्यात घालून बसले होते. चार वाजता बेल वाजली. दारात हे, घामाघूम.

"काय झालं?"

"एका प्राध्यापकांनी कडाडून विरोध केला. म्हणाले, लढ्याशिवाय कुणाची भीती जात नाही, तुमचं मत चूक आहे."

"अगं बाई! मग?"

"मग मी भांडलो! चांगला अर्धा तास. प्रबंध पुढे परीक्षकांकडे पाठवलाय त्यांनी." हे चपला न काढताच सोफ्यावर बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. "विजया, ते म्हणाले, *तुमचं* मत चूक आहे!"