जपानी आबाचा भात

पळसदरीत आबाजी नावाचे तीन जण होते, पण जपानी आबा एकच. हे नाव त्याला पंचावन्न साली पडलं. शेतकी खात्यानं जपानी पद्धतीच्या भातलावणीचा प्रचार सुरू केला, तेव्हा दोरी ताणून सरळ रांगेत रोपं लावणारा गावातला पहिला माणूस आबाजी. बांधावर उभे राहून लोक म्हणाले, "आबा, शेत लावतोस का लग्नाची पंगत मांडतोस रं?" पुढे झोडणी झाली आणि हसणारे गप्प बसले. आबाजीला तालुक्यात बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीत घालून ओटीवर लागलं. चौकटीला घातलेला हार मात्र असा लोंबायचा, की ‘द्वितीय क्रमांक’ यातला पहिला शब्द बरोबर त्याच्याआड जायचा. हार सुकला की आबाजी स्वतः बदलायचा, पण लांबीत कधी फरक पडू द्यायचा नाही.

इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढे मात्र जपान आबाजीच्या तोंडी बसला. जपानात चिखलणी कशी करतात, जपानी माणूस किती वाजता उठतो, बायकोला काय म्हणतो, हे सगळं तो सांगू लागला. त्याला लावणी शिकवणारा अधिकारी स्वतः कधी कुलाबा जिल्ह्याबाहेर गेला नव्हता, ही गोष्ट सोयीनं मागं पडली.

या जपानचा खरा जाच झाला तो जयवंताला, म्हणजे आबाजीच्या बायकोला. आबाजीला भात मोकळा लागायचा, शितापासून शीत सुटं. नव्या तांदळाचा भात कितीही जपून केला तरी थोडा गिचका होतोच. तो ताटात पडला, की आबाजी हात आखडता घ्यायचा. "जपानात असा भात कोंबड्यांना बी घालत नायत." जपानात कोंबड्या काय खातात हे जयवंतानं कुठं जाऊन बघावं?

शहात्तर साली रसायनीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला जपानी इंजिनियर आले. त्यांच्या जेवणाची सोय म्हणून ओगावा नावाच्या एका आचाऱ्यानं वसाहतीलगत लहानसं जपानी हॉटेल काढलं. आबाजीचा पुतण्या वाल्मिक त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्यानं ही बातमी घरी आणली, आणि ती भिसेगावच्या सहदेवच्या कानावर गेली. सहदेव म्हणजे आबाजीचा व्याही. आबाजीची थोरली मुलगी त्याच्या घरी दिलेली. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही.

"व्याही, तुमच्या म्हायेरचं हाटेल निघालंय म्हणं," सहदेव म्हणाला. "आमाला एकदा जेवायला न्या की. तुमी असल्यावर आमाला काय, कसं खायाचं ते इचारायला लागणार नाय."

आबाजीनं शेतीची कामं सांगितली, मग पायाचं दुखणं सांगितलं. पण न जावं तर वीस वर्षांचा जपान बुडत होता. शेवटी एका रविवारी तो, जयवंता आणि सहदेव खोपोलीवरून एसटीनं रसायनीला पोचले. वाल्मिक थांब्यावरच उभा होता.

"आबा, मी ओगावाला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय," तो उत्साहानं म्हणाला. "जपानी शेतीचं बक्षीस, सगळं."

परतीची एसटी किती वाजता असते, ते आबाजीनं आधी विचारून घेतलं.

आत चार बुटकी मेजं होती आणि खाली चटया. मांडी घालून बसायचं हे बघून आबाजीचा जीव जरा भांड्यात पडला. "बगा, मी सांगत नव्हतो? आपल्यासारकंच," तो म्हणाला. प्रत्येकापुढं दोन-दोन लाकडी काड्या ठेवलेल्या होत्या.

"ह्या कशाला?" सहदेवनं विचारलं.

"दात कोराया," आबाजी म्हणाला. "जेवल्यावर."

तेवढ्यात पलीकडच्या मेजावरचा जपानी इंजिनियर त्याच काड्यांनी मासा उचलून खाऊ लागला. सहदेव बराच वेळ तिकडं बघत राहिला.

"ह्यो जेवायच्या आदीच कोरतोय वाटतं."

"दोनी कामं होतात," आबाजी म्हणाला, आणि हातानं जेवायला सरसावला.

कढणासारखं काहीतरी पातळ आलं, मुळ्याचं लोणचं आलं, भाजलेला मासा आला. सगळं बेताचं, पण चवीला बरं. मग झाकणाच्या लहान वाट्यांतून भात आला. जयवंतानं झाकण काढलं. बोटांनी एक घास उचलायला गेली, तर अर्धी वाटी हातात आली. इतका चिकट भात तिच्या हातून सबंध संसारात झाला नव्हता. तिनं तो गोळा वाटीत ठेवला, आणि मान वर करून नवऱ्याकडं बघितलं.

"व्याही," सहदेव हळूच म्हणाला, "ह्यो तर गिचका झालाय. जपानातल्या कोंबड्या उपाशी मरतील."

"पाणी जास्त पडलंय," आबाजी ठासून म्हणाला. "चुकला असंल आचारी. वाल्मिक, हा भात परत ने. सांग, बिघडलाय."

वाल्मिक चुळबुळला, पण चुलत्याचा शब्द त्याला मोडवेना. तो वाट्या घेऊन आत गेला. थोड्या वेळानं त्याच्या मागून ओगावा स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. हातात फडकं होतं. आबाजीपुढं तो कमरेत इतका वाकला, की जयवंतानं पदर सावरला.

"माफी, साब," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "इधर का चावल चिपकता नहीं. बहुत कोशिश. पानी बढ़ाया. आज पहली बार थोड़ा चिपका. मेरे को लगा, ठीक है. आप मास्टर हैं. आप बोलिए, गलती कहाँ?"

आबाजीला हिंदी बेताचीच यायची, पण एवढं समजलं. भात चिकटावा म्हणून हा माणूस धडपडत होता, आणि आज कुठं जमला तेव्हा आपण परत पाठवला. ‘अजून चुकलंय’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. ओगावा आणखी एकदा वाकून आत गेला असता, सहदेवला कळलं नसतं, जपान शाबूत राहिला असता.

पण ओगावा फडकं पिळत उभा होता, आणि तसं उभं राहणं आबाजीच्या ओळखीचं होतं. पंचावन्न साली शेतकी अधिकारी त्याच्या खळ्यावर भात मोजत होता, तेव्हा तो असाच उभा होता. हातात फडकं नव्हतं, टोपी होती, इतकंच.

"वाल्मिक, त्याला सांग," आबाजी खाली बघत म्हणाला, "भात बरोबर हाय. गलती माझी."

"मंग व्याही, इतकी वर्सं तुमी..." सहदेव सुरू झाला.

"मी जपान बगितलेला नाय. दोरी बगितली, बास."

जयवंता मधे पडली. तिनं वाल्मिकला कच्चा तांदूळ मागायला लावला. ओगावानं मूठभर आणून दिला. तिनं एक दाणा दाताखाली धरला.

"ह्यो दोन वर्सांचा जुना. दुकानदार चांगला म्हणून देत असंल. जुना काय चिकटतोय? त्याला सांग, नवा घे. पाणी बी कमी लागंल." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडं पडलाय कणगीत. आमच्याकडं खात नायत."

वाल्मिकनं ते समजावल्यावर ओगावा पुन्हा कमरेतून वाकला. या वेळी जयवंतापुढं.

परत येताना एसटीत सहदेव दोघांच्या मधे बसला होता. खोपोली आल्यावर त्यानं विचारलं, "व्याही, त्या बक्षिसात पयला कोण आला व्हता?"

"नेरळकडचा व्हता कोन," आबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक नव्या तांदळाचं पोतं घेऊन गेला. दुपारी आबाजी जेवायला बसला. जयवंतानं जुन्या तांदळाचा भात वाढला. शितापासून शीत सुटं.

"आज बिघडला," ती म्हणाली. "चिकटलाच नाय."

आबाजीनं मान खाली घालून आमटी कालवली आणि सगळा भात संपवला. मग हात आखडता न घेता आणखी भातासाठी ताट पुढं केलं.